सविलाबद्दल लिहिलेली अकरा पानं

प्रिय ड्रुसिला,

पाकिटावरचं अक्षर ओळखून तू हे उघडलंस की नुसतं बाजूला ठेवलंस, ते मला कळायचं नाही. आठ वर्षांत तुझी चार पत्रं आली आणि माझं एकही गेलं नाही, तेव्हा बाजूला ठेवलंस तरी तो तुझा हक्क आहे. आज मधला रविवार, प्रार्थना नाही. तुझी आई तुझ्या बहिणीकडे, केटुराकडे गेली आहे, माझा सुतारीचा कारखाना बंद आहे, आणि मी स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसलो आहे. पुढच्या आठवड्यातल्या मंगळवारी मला काउंटीच्या कोर्टात उभं राहायचं आहे. सविलामावशी तुरुंगात जाणार की घरी परतणार, हे मी तिथे काय बोलतो त्यावर ठरेल, असं दोन्ही बाजूंचे वकील सांगतात. सदुसष्ट वर्षांची बाई. तुला आणि तुझ्या भावंडांना या जगात पहिल्यांदा जिनं हातात घेतलं, ती. तिला तिथवर मी नेलं. कसं, ते क्रमानं सांगतो.

दोन हिवाळ्यांपूर्वी राज्याच्या आरोग्य खात्यातली एक बाई इथल्या अग्निशमन दलाच्या हॉलमध्ये आली होती. तरुण, हसतमुख, थंडीनं नाक लाल झालेलं. म्हणाली, सुईणींबद्दलचे आपले नियम माझ्या आजीच्या जन्माआधीचे आहेत, ते आता नव्यानं लिहायचे आहेत. "वीज-मोटारीवाचून राहणाऱ्या तुम्हा आमिश लोकांचा अनुभव आमच्या कागदांत कुठंच नाही. तुम्ही लिहा. जेवढं सविस्तर लिहाल तेवढं बरं." बाकीचे गुडघ्यांवर ठेवलेल्या हॅटांकडे बघत बसले. मला मात्र ती बाई आवडली, आणि तिच्या मनात खोट होती असं मला आजही वाटत नाही. तुला माहीत आहे, आपल्या लोकांच्या साप्ताहिकाला या वस्तीची खबर मीच लिहून पाठवतो. कोण कुणाकडे जेवायला गेलं, कुणाचं कोठार उभं राहिलं, कुणाला मुलगा झाला, वजन किती, सुईण कोण. वीस वर्षांची सवय आहे हाताला. खात्याला पत्रही मी तसंच लिहिलं. नावं, तारखा, वार, त्या दिवशीची हवा. बघता बघता अकरा पानं झाली.

तुझी आई समोर गोधडी शिवत होती. म्हणाली, "अहो, सरकारला लिहिताय की वस्तीची खबर देताय? बाई गुणाची आहे, तिला त्रास देऊ नका, एवढं लिहिलं की झालं." मी म्हटलं, अर्धंमुर्धं खरं लिहिणं मला जमत नाही. दातानं दोरा तोडून ती म्हणाली, "हो ना, तुम्हाला जमत नाही. निस्तरायला आम्ही आहोतच."

सातव्या पानावर मी केटुराचं पहिलं बाळंतपण लिहिलं. ते आपल्याच घरी झालं, तुझ्या जुन्या खोलीत. मूल सुखरूप आलं, पण तिचं रक्त थांबेना. मी दारापर्यंत गरम पाणी आणून देत होतो आणि बाहेर येणारे टॉवेल बादलीत टाकत होतो. सविलानं पिशवीतून एक छोटी बाटली काढली, मांडीत इंजेक्शन दिलं, आणि थोड्याच वेळात रक्त ओसरलं. हे सगळं मी लिहिलं, औषधाच्या नावासकट. खाली लिहिलं: "असं औषध सुईणीनं जवळ बाळगणं कायद्यात बसत नाही, हे मला ठाऊक आहे. म्हणूनच लिहितो आहे, की ते बसवावं." त्या वाक्याचा मला अभिमान वाटला होता. पत्र टपालात टाकून परत येताना मी देवाचे आभार मानले, की चार अक्षरं येतात त्यांचा काही उपयोग झाला.

पुढच्या हेमंतात नवे नियम आले. खात्यानं मला छापील प्रत पाठवली, आभाराच्या चिठ्ठीसह. नियम चांगले आहेत, ड्रुसिला. मी ते तीनदा वाचले. रक्त थांबवायचं औषध आता सुईणीला बाळगता येतं, मी मागितलं होतं अगदी तसंच. फक्त तिच्याकडे परवाना हवा, परवान्यासाठी बारावीचा दाखला हवा, आणि परीक्षा कॉम्प्युटरवर द्यायची, ज्याला आपल्यात कुणी हात लावत नाही. सविलाची शाळा आठवीपर्यंत. आपल्या सगळ्यांचीच. नियम लिहिणाऱ्यांच्या ते ध्यानातही आलं नसेल. आणि लोकांनी पाठवलेली सगळी पत्रं खात्यानं सर्वांना वाचायला खुली ठेवली होती. तसं करायचं असतं म्हणे. ती कुणीतरी वाचली.

तपासनीस आला तेव्हा माझ्या अकरा पानांची नक्कल त्याच्या हातात होती. सविलाच्या अंगणात उभं राहून त्यानं विचारलं, शिक्षण किती? आठवी. अनुभव? "नऊशे बारा," ती म्हणाली. "आणि सगळे रडत आले. तुमच्यासारखं तोंड पाडून कुणी आलं नाही." त्यालाही हसू आलं, असं तिची सून सांगते. पण जाताना पिशवीतल्या बाटल्या तो घेऊन गेला आणि काम बंद करायची नोटीस देऊन गेला. पुढच्या प्रार्थनेच्या रविवारी जेवणं झाल्यावर सविला माझ्या बाकाशी आली. म्हणाली, "ऑर्वा, तुझं अक्षर फार सुरेख आहे रे. त्या माणसाला एक शब्द अडला नाही." एवढंच.

मार्चमध्ये टोबायसच्या एल्मिनाचे दिवस भरले. घोड्याचे साज शिवणारा टोबायस, ओढ्यापलीकडचा. चौथी खेप होती. सविलानं काम सोडलं होतं, पण तो धावत तिच्या दाराशी आला तेव्हा ती निघाली. तिची सून म्हणाली, "आई, नोटीस विसरलात का?" तर म्हणे, "त्याच्या तोंडाकडे बघ आणि तूच सांग त्याला नोटिशीचं." मूल आलं ते रडलं नाही. मग एल्मिनाचं रक्त सुटलं. सविलाच्या पिशवीत कात्री होती, दोरा होता, स्वच्छ कापडं होती. बाटली नव्हती. हॉस्पिटल बेचाळीस मैल. शेजारचा व्हॅनवाला लगेच आला, त्यानं जमेल तेवढी जोरात गाडी काढली. धान्याच्या मोठ्या कोठ्या लागतात ना, तिथपर्यंत ती होती.

शवपेटी मी केली. टोबायस माप द्यायला आला नाही, मीही मागितलं नाही. नेहमीपेक्षा चार इंच रुंद केली, कारण मूल तिच्या कुशीत ठेवायचं होतं. रंधा मारताना मी प्रार्थना म्हणायला लागलो आणि पुढचे शब्द आठवेनात. लहानपणापासून रोज म्हणतो ती प्रार्थना. सातव्या पानावरचं ते वाक्य मात्र स्वल्पविरामासकट डोळ्यांसमोर उभं होतं.

हॉस्पिटलनं कळवलं आणि सरकारी वकिलानं सविलावर खटला भरला. एल्मिनाच्या बाबतीत त्याच्या हाती फारसं काही नाही. टोबायस तिच्याविरुद्ध चकार शब्द बोलणार नाही, आणि मदतीला धावून गेले असं ती म्हणू शकते. पण केटुराला दिलेलं इंजेक्शन हा मोठा गुन्हा आहे, आणि त्याचा पुरावा म्हणजे माझं सातवं पान. ते मी लिहिलं आणि ते खरं आहे, असं मी तोंडानं सांगितलं तरच ते धरलं जाईल. सविलाचा वकील, बाहेरचाच पण भला माणूस, माझ्या कारखान्यात येऊन बसला. "दोनच शब्द, ऑर्वा. 'आठवत नाही.'" मी म्हटलं, मला टॉवेलांचा रंग आठवतो. तो कपाळाला हात लावून म्हणाला, "तुमच्यासारखा साक्षीदार शत्रूलाही मिळू नये." बिशपकडे गेलो. ते गाय धूत होते, हात थांबवला नाही. म्हणाले, "खोटं बोलू नकोस. पण कुणी विचारलं की बोललंच पाहिजे, असं मी तरी कुठं वाचलेलं नाही."

तेव्हा मी गप्प उभा राहणार आहे. मी बोलेपर्यंत न्यायाधीश मला तुरुंगात ठेवू शकतात. वकील म्हणतो, काही महिनेही लागतील. आईनं माझे लोकरीचे मोजे काढून ठेवले आहेत. सविला त्यानं सुटेल याची खात्री कुणी देत नाही.

याच वकिलानं जाता जाता एक प्रश्न विचारला. "तुमच्या पत्रात मुलं सहा लिहिली आहेत. तुमच्या मिसेस सात म्हणतात. नक्की किती?" मी नक्कल घेऊन पाहिली. पहिल्याच पानावर, माझ्या सुरेख अक्षरात: सविलानं माझ्या घरी सहा मुलं सुखरूप आणली. लिहिताना माझा हात अडखळलाही नव्हता. तू गेलीस त्या आठवड्याची खबर मी काढून बघितली. त्यात दंव पडल्याचं आहे, शेजारच्या वस्तीतून आलेल्या पाहुण्यांचं आहे, एका कोठाराचं आहे. तुझं काही नाही. आपल्यात मोठेपणी घेतात तो बाप्तिस्मा तू घेण्याआधीच गेलीस. मंडळीनं तुला वाळीत टाकलं नव्हतं, टाकायचं कारणच नव्हतं. आई तुला लिहीत होती. टपालाची तिकिटं कमी होताना मला दिसायची आणि मी न दिसल्यासारखं करायचो. पाठ फक्त मी फिरवली. थोरली मुलगी कॉलेजात गेली याची मला लाज वाटत होती, आणि त्या लाजेला मी श्रद्धा म्हणत आलो. या आठवड्याच्या खबरीत मी लिहिलं आहे, ऑर्वा आणि सलोमा यांना सात मुलं आहेत, थोरली ड्रुसिला सुईण आहे. ते पाकीट आणि हे पाकीट एकदमच टपालात पडेल.

आता ज्यासाठी लिहायला बसलो ते. केटुराचे दिवस या महिन्याच्या अखेरीस भरतात. मी तेव्हा बहुधा आत असेन. सविलानं तिला हात लावला तर कोर्ट तिला कायमचं आत टाकेल, आणि परवान्याची सुईण या तीन काउंट्यांत एकही नाही. हॉस्पिटल तितकंच दूर आहे. केटुरा कुणाला काही बोलत नाही, पण एल्मिनाला पुरल्यापासून ती टोबायसच्या घरावरून जायचं टाळते, ओढ्याकडून लांबचा वळसा घालते. नव्या नियमांत बाविसावं कलम आहे. शेजारच्या राज्यातला परवाना असेल, तुझ्याकडे आहे तसा, तर अर्ज करून साठ दिवस इथे काम करता येतं, आणि औषध बाळगता येतं. सुईणीची परीक्षा पास झाल्याचं तुझं चौथं पत्र मी टपालपेटीपाशी उभ्यानंच वाचलं होतं आणि हत्यारांच्या पेटीत ठेवून दिलं होतं. अर्ज सोबत जोडला आहे. तुझं नाव आणि जन्मतारीख मी भरली आहे, सही तुझी. मी लिहितोय हे केटुराला माहीत नाही, आईलाही नाही, तेव्हा तू आली नाहीस तरी त्यांच्या मनात तुझ्याबद्दल काही येणार नाही. बसथांब्यावर व्हॅनवाला येईल, फक्त दिवस कळव. बाटल्या जास्तीच्या आण. माझ्याशी बोलायची गरज नाही, मी घरी असेन असंही नाही. रागावलेली असलीस तर रागावलेलीच ये.

तुझाच,
बाबा