हिचा उपास

४ नोव्हेंबर
आठ दिवस वही उघडली नाही. चूक माझी. भातकापणी, त्यात बायकोचा गुडघा.
परवा हिला तालुक्याच्या दवाखान्यात नेले. नर्सिंग शिकणाऱ्या चार मुली तपासायला आल्या, त्यांत आमची नात मनाली, घरची मनू. बीपीचा पट्टा हिच्या दंडाला पुरेना. एक म्हणाली, "आजी, ह्यो दंड काय मांडी?" सगळ्या हसल्या. मनालीही. ओळख दाखवली नाही तिने. गुडघ्याला कोणी हात लावला नाही. वजन उतरवा, मग या, म्हणाल्या.
एसटीत ही दंडावर पदर ओढून बसली.

७ नोव्हेंबर
सकाळची पेज घेत नाही. दिवसभर चहावर. नवस असेल, भगवतीला काही बोलली असेल. फेडेपर्यंत नवस विचारायचा नसतो, म्हणून गप्प आहे. साखरेच्या आजाराची गोळी मात्र मीच वेळेवर हातात देतो.

९ नोव्हेंबर
शेजारची सुलभा हिला म्हणाली, "बारीक झालंस गो काकी. माका पण सांग कसा ता." ही हसली. मलाही बरे वाटले. आता लिहिताना वाटते, नवस एवढा कडक असतो का?

११ नोव्हेंबर
विहिरीवर कोसळली. दरदरून घाम, हात गार. सुलभाने गुळाचे पाणी पाजले. शुद्धीवर आल्यावर विचारलेच.
"नवस खंयचो? मनूक माझी लाज वाटली. बारीक झालंय काय मगे दवाखान्यात जातलंय."
रिकाम्या पोटी ती गोळी मी देत होतो. रोज. मी.

१२ नोव्हेंबर
दवाखान्यात चल म्हटले तर भिंतीकडे तोंड फिरवते. गोळी आज द्यावी की नाही, कळत नाही. दिली नाही. बरोबर केले का?
मनालीला फोन केला, सगळे सांगितले. रडत म्हणाली, "आजोबा, माका पण त्यो पोरी जाडी, ढोली म्हणतत. ओळख दाखवली असती तर म्हणाल्यो असत्यो, घराणाच तसा."
रागवायचे होते, राहिले. म्हटले, तू ये, तूच ने तिला. सुट्टी विचारून सांगते म्हणाली.

१४ नोव्हेंबर
फोन नाही. मी केला तर उचलत नाही.
पेज पुढे ठेवली. ही म्हणाली, "मनू येवंदे, मगे जेवतलंय."
मनू, येणार की नाही, काय ता लवकर कळव गो बाये.