दोन्ही डाव्या

मंगळवार, ४ मार्च
केलं! करायला नको होतं, पण केलं. काका गॅरेजमध्ये विमान बांधतायत — खरंखुरं, दोन माणसांचं, सुटे भाग मागवून. पंखाच्या आत पत्र्याच्या फासळ्या असतात. डाव्या पंखातलीची कड एकीकडे वाकवायची, उजव्यातलीची बरोब्बर उलट. काका चहाला गेले. मी पत्र्यावरचा ‘उ’ थिनरनं पुसला, ‘डा’ लिहिला. त्यांनी येऊन निवांत ठोकून वाकवली. जोडीतल्या दोन्ही डाव्या! मी तोंड दाबून हसलो. उद्या सांगेन.

बुधवार, ५ मार्च
नाही सांगितलं. जोडी लावताना काकांना चूक दिसली. काकू म्हणाली, “अहो, एकाच पंखावर उडणार का? गोल गोल फिराल!” काका हसले नाहीत.

सोमवार, १० मार्च
आणखी एक फासळी उलटी निघाली.

गुरुवार, १३ मार्च
पुन्हा एक! काका ती हातात घेऊन स्टुलावर बसून राहिले.
“सुरुवात अशीच होते रे. बाबांची अशीच झाली.”
बाबा म्हणजे माझे आजोबा. शेवटी शेवटी काकांनाच विचारायचे, “आपण कुणाकडचे?”
मी म्हटलं, “काका, तुम्ही आधीपासूनच वेंधळे.” वाटलं, हातोडी घेऊन मागे धावतील. नाही धावले.

शनिवार, १५ मार्च
गॅरेजला कुलूप. काकू म्हणाली, उद्या भंगारवाला येणार. “चुकणाऱ्या हातांनी विमान बांधू नये म्हणतायत.” एवढंच बोलली आणि तीच ती बशी पुसत बसली.

रविवार, १६ मार्च
सकाळीच सांगून टाकलं. “काका, मीच खूण बदलली. तिन्ही वेळा मीच.”
आधी सणसणीत कानाखाली. मग तोच कान धरून, “तिन्ही? खरं?”
“शप्पथ.”
मग असे हसले, असे हसले — काकू साबणाच्या हातांनी धावत आली. “गाढवा! मला वाटलं माझंच डोकं गेलं!” भंगारवाल्याला फोन : येऊ नका. दुपारी गॅरेजमधून शीळ ऐकू येत होती.

मंगळवार, १८ मार्च
पहिली फासळी माझी. पुढच्या दोन्हींना मी हातही लावला नव्हता.
आज चौथी उलटी झाली. काका हसत हसत कान धरायला आले. मी धरू दिला.
वही, तुझ्या पाया पडतो. विमान जमिनीवर आहे तोवर तरी कुणाला सांगू नकोस. काकूला तर नाहीच नाही.