बरणीतला नर

सर, तुम्हाला जाऊन वीस वर्षं होऊन गेली आणि मला तुमचा राग आज आलाय. म्हणजे होताच, पण आज सकाळी तो नीट उकळून वर आला. मी भाकरी थापत होते, हात पिठात, आणि ऑस्ट्रेलियाहून व्हिडिओ कॉल. माझ्या मैत्रिणीची लेक तिकडे नर्स आहे. तिनं घरात काचेची टाकी घेतलीय आणि त्यात दोन समुद्रघोडे पाळलेत. तिकडे रीतसर कागद करून पाळता येतात म्हणे. "मावशी, दुकानदार म्हणला जोडी हाय. मला तर दोनीबी पोटुशाच दिसून राहिल्या. नर कोणता अन् मादी कोणती?"

मला हसू आलं. म्हटलं, बाई, पोट बघू नको, पोटाच्या खाली बघ, शेपूट सुरू होते तिथं. तिथं गुळगुळीत पिशवी असेल तो नर. मादी त्या पिशवीत अंडी सोडते आणि पिल्लं बाप जन्माला घालतो. जिचं पोट खाली एकदम कापल्यासारखं संपतं आणि तिथं बारीकसा पर दिसतो, ती मादी. मग जात ओळखायला तिला अंगावरची कडी मोजायला लावली. धडावर बारा, शेपटीवर शेहेचाळीस, मधे दोनदा चुकली. तिकडचीच थोराड पोटाची जात ती, तिच्यात नराला पण पोट आणि मादीला पण. पोरगी खूश. म्हणाली, "आईनं बी हेच सांगितलं होतं, पिशवीवाला तो नर. पण म्हणली, मावशीला विचार, ती प्रोफेसर हाय, तिला सगळं येतंय." तव्यावरची भाकरी जळाली, तरी मी तशीच उभी.

आठवतंय का तुम्हाला, सर? वसमतचं आपलं कॉलेज, प्रयोगशाळेतल्या खिडकीजवळचं कपाट आणि त्यातली फॉर्मॅलिनची बरणी. रत्नागिरीच्या सहलीहून तुम्ही स्वतः आणलेला समुद्रघोडा. काय तो तोरा! चिठ्ठीवर तुमच्याच वळणदार अक्षरात 'समुद्रघोडा, मादी'. जात लिहिलीच नव्हती, ती तुम्हाला येत नव्हती. मादी मात्र ठोकून दिली. काहून? तर पोट सुटलेलं होतं. एवढंच. पुस्तक उघडून बघायचे कष्ट नको होते तुम्हाला.

पहिल्या वर्षाची प्रॅक्टिकल परीक्षा. मी आणि या पोरीची आई, आम्ही दोघी डोंगरकड्याहून एकाच एसटीनं आलो होतो. मी गावातली, ती तांड्यावरची, स्टँडपर्यंत चालत यायची आणि तरी माझ्या आधी पोचलेली असायची. स्पॉटिंगला, म्हणजे नमुना ओळखायला, तुम्ही चिठ्ठी झाकून बरणी ठेवली. मैत्रीण माझ्या शेजारच्या टेबलाशी. तुम्ही तिच्या खांद्यावरून पेपर बघितला आणि ओरडलात, "नर? डोळे फुटले का? पोट दिसत न्हाई?"

ती म्हणाली, "सर, ते पोट न्हाई, पिशवी हाय. नरालाच असती."

एखादा मास्तर हसला असता, म्हणाला असता, दाखव बरं. तुमचं नाक लाल झालं. "तांड्यावरून आली अन् मला शिकवती? कोणी सांगितलं तुला हे?" तुम्ही तीनदा विचारलंत. ती बरणीकडं बघत राहिली. मग तुम्ही तिच्या हातातला पेपर ओढला, टरकावला आणि दार दाखवलंत. प्रॅक्टिकलमध्ये नापास. तिच्या बापाला निमित्तच पाहिजे होतं, दोन महिन्यांत तिला उजवून टाकली. मी लग्नाला गेले होते. तिथंही ती मला म्हणाली, "तू शिक बरं का." बस, एवढंच.

आणि मला? मला तुम्ही वर्गासमोर उभं केलंत. "निरीक्षण बघा हिचं, एकही चूक न्हाई." डिसेक्शनची पेटी बक्षीस दिलीत, तुमची स्वतःची. तीच पेटी घेऊन मी पुढं शिकले, नोकरीला लागले. काय माणूस होता हो तुम्ही! एका पोरीचं शिक्षण मातीत घातलंत, ते एका मेलेल्या माशाच्या पोटावरून, आणि ते पोटही नव्हतं. तुमच्या शोकसभेत सगळे हुंदके देत होते. मी पण रुमाल काढला होता, आता त्याचीही चीड येते.

इतकं लिहून झालं आणि हात थांबला. तुमच्यावर कितीही चिडलं तरी तुम्ही उलटून बोलणार नाही, म्हणून बरं चाललंय माझं. तर सांगून टाकते. ते तिला मीच सांगितलं होतं. त्याच सकाळी, एसटीत. लायब्ररीतल्या इंग्रजी पुस्तकात चित्र बघितलं होतं मी. माझ्या पेपरवरही 'नर'च लिहिलं होतं. तुम्ही 'कोणी सांगितलं' म्हणून विचारत होता ना, तेव्हा मी मान खाली घालून ते खोडत होते. खोडून 'मादी' लिहिलं. तिनं ते बघितलं, सर. बघूनही माझं नाव घेतलं नाही. लेकीलाही सांगितलेलं नाही, हे आज कळलं.

हे पत्र तुम्हाला पोचणार नाही म्हणूनच तुम्हाला लिहिलं. ती डोंगरकड्यातच असते, तिचा नंबर माझ्याकडं आहे. मी फोन केला तर ती पहिल्या रिंगलाच उचलेल, आणि जेवली का म्हणून विचारेल. त्याचीच भीती वाटते.