सागोची खळ

कोमेया गाव, गोरोक्याच्या वर
१४ ऑगस्ट २०१८

प्रिय एमीताई,

तुझं पत्र आणि सागोची दोन पोती ट्रकवाल्या क्लेमेन्सने काल पोचवली. ले बंदरापर्यंत बोटीने आणि पुढे कॉफीच्या ट्रकमधून घाट चढून येऊनसुद्धा पोती कोरडी होती. पत्र मात्र भिजलं होतं, त्यामुळे तुझ्या शिव्या जरा पुसट झाल्यात. उरलेल्या वाचल्या आणि तुझी तब्येत ठणठणीत आहे हे कळलं. मीही बरी आहे. इथे थंडी पडलीय. आपल्या नदीकाठच्या अंगोरामचं माणूस हिला थंडी म्हणेल, इथले लोक मात्र उघड्या अंगाने फिरतात आणि मला हसतात.

तू विचारतेस, "कमरेइतक्या पाण्यात उभं राहून मी झाडाच्या गाभ्यातला सागो धुऊन काढते, तो काय तुझ्या माशांना चारायला?" ताई, खरं सांगू? हो. त्यातला थोडा मीही खाते, पण बराचसा माशांनाच जातो. दुसरं तू विचारलंयस, की घरी कधी येतेस, तुझ्यासाठी खोली बांधून झाली. त्याचं शेवटी लिहिते. आधी माशांचं ऐक, म्हणजे तुझा राग शांत होईल.

माझ्या नवऱ्याने दोन तळी खणली आणि तो गेला, हे तुला ठाऊकच आहे. तिलापिया मासे सोडले होते त्यानेच. मी गव्हाचा कोंडा, शेंगदाण्याची पेंड आणि मासळीची पूड कालवून गोळे टाकायची. पाण्यात पडले की गोळ्यांचा चिखल व्हायचा. माशांच्या तोंडात थोडं, बाकी सगळं तळाला. ते कुजून पाणी सडायचं आणि पहाटे मासे वर येऊन तोंड उघडून श्वास घ्यायचे. सासूबाई म्हणायच्या, डुकरं बरी, खातात आणि जाड होतात, तोंडात घास देताना हात तरी ओले होत नाहीत. (सासूचं, दिराचं नाव सुनेने घ्यायचं नाही असा इथला कायदा. आता माझा हात कागदावरसुद्धा ती नावं लिहायला वळत नाही, तेव्हा सासू म्हणजे सासू आणि दीर म्हणजे दीर असंच वाच.)

मग मला आपली आई आठवली. उकळतं पाणी ओतून सागो ढवळायची आणि बघता बघता त्याची काचेसारखी खळ व्हायची. मी तशी खळ केली, कोंड्यात मळली आणि खिमा करायच्या यंत्रातून शेवया पाडल्या. पत्र्यावर वाळवून त्यांचे तुकडे केले. ताई, ते तुकडे पाण्यात टाकले तर तासभर जसेच्या तसे! मासे एकेक उचलून खायचे. पाणी हिरवं आणि स्वच्छ राहिलं. पहिल्या हंगामात माझ्या तळ्यातला मासा हातभर झाला आणि गोरोक्याच्या बाजारात माझ्यापुढे रांग लागली. मत्स्यकेंद्रातला इनोक मुद्दाम बघायला आला. ही पूर्ण डोंगरमुलखात कुणाला न सुचलेली गोष्ट आहे, असं तो म्हणाला. म्हटलं, सुचेल कशी, तुमच्याकडे सागो कुठाय? जाताना त्याने एक मात्र बजावलं. खळ फक्त बांधण्यापुरती, मूठभर. ती माशाचं जेवण नाही. मी मान डोलावली. मनात म्हटलं, सागो खाऊन आम्ही पिढ्यान् पिढ्या जगलो, मासे नाही जगणार?

ही मस्ती मला महागात पडली.

मे महिन्यात मासळीची पूड मिळेना. तुझी पोती होती, म्हणून मी खळ वाढवत गेले. तुकडे असे झाले की दगडावर आपटले तरी फुटू नयेत. मला अभिमान वाटायचा, आणि गंमत म्हणजे यंत्रातून सागोचा वास यायला लागला की घरी असल्यासारखं वाटायचं, म्हणून आणखी एक ओंजळ पडायची. मासे पोट टम्म फुगवून फिरायचे, पण लांबीला वाढेनात. काही तुकडे तोंडात घेऊन थुंकायचे. ते तळाला साचत गेले. मग आठवडाभर ऊन पडलं नाही आणि एका सकाळी वरचं तळं पांढरं दिसलं. सगळे मासे पोट वर करून तरंगत होते.

ताई, इथपर्यंत तुला हसत हसत लिहिलं. मागच्या पत्रात मी 'थोडी कुरबुर झाली' एवढंच लिहिलं होतं. ती थोडी नव्हती.

नवरा छातीच्या दुखण्याने गेला तेव्हाच लोक माझ्याकडे वेगळ्या नजरेने बघायचे. नदीकडची बाई, काय काय येत असेल हिला, असं. मी लक्ष दिलं नाही. पण तळं मेल्यावर ते उघड बोलायला लागले. आधी नवरा, आता मासे, हिच्या हातात काहीतरी आहे. तुला माहीत आहे, चेटकीण ठरलेल्या बाईला इथे जाळतात. पाणवठ्यावर बायका माझ्यासाठी थांबेनाशा झाल्या. मी दिलेलं भाजलेलं रताळं शेजारणीने घेतलं आणि वळणावर डुकराला टाकलं, मी बघितलं ते. दीर येऊन म्हणाला, "शनिवारी कुळातले सगळे बसणार आहेत. त्याआधी तू गेलीस तर बरं होईल, वहिनी. मला तुझ्या अंगाला हात लावायची वेळ आणू नकोस." तो वाईट नाही. तोही घाबरलेला होता. मी कपडे बिलूममध्ये, त्या विणलेल्या झोळीत, भरले आणि पाठीवर घेऊन बघितलं, झेपतं का. मी फार घाबरले होते. हे इथे कुणालाही बोलले नाही, तुलाच लिहितेय.

मग मला राग आला. मी पळाले तर मी चेटकीणच ठरणार, आणि माझ्या नवऱ्याच्या मरणाला कायमचं माझं नाव चिकटणार.

शनिवारी सकाळी मी खालच्या तळ्यात उरलेले जिवंत मासे जाळ्याने काढले आणि बादलीत घालून सगळ्यांसमोर नेऊन ठेवले. पुरुष मागे सरकले. मी सुरी घेतली आणि एक मासा फाडला. आतडं आईने वळलेल्या दोरीसारखं ताठ, आणि आत सगळी घट्ट खळ. काळीज पिवळं, तेलकट, दाबलं की बोटांना चिकटणारं. मग दुसरा फाडला, मग तिसरा. त्यांना सांगितलं, हा सागो आहे. यांच्या पोटात जागाच उरली नाही, त्यांना जेवण मिळालंच नाही. उरलेला तळाला सडला आणि पाण्यातली हवा संपली. इनोकने मला सांगितलं होतं, मी ऐकलं नाही. माझा हात सैल सुटला एवढाच माझा गुन्हा.

एक म्हातारा म्हणाला, "चेटकीण असंच सांगणार." काही माना हलल्या.

तेवढ्यात मागून सासूबाई काठी टेकत पुढे आल्या. नवरा गेल्यापासूनच्या दोन वर्षांत त्या माझ्याशी कामापुरतं बोलल्या असतील. बादलीत हात घालून त्यांनी एक मासा बाहेर काढला.

"भूक लागलीय मला," त्या म्हणाल्या. "कुणी विस्तव पेटवतंय का, की कच्चाच खाऊ?"

दीर म्हणाला, "आई, नको."

"तुला विचारलं नाही मी. सून, भाज तू."

मीच भाजला. त्या सगळ्यांसमोर बसल्या आणि काटे काढत काढत सावकाश खाल्ला, डोक्यापासून शेपटीपर्यंत. पन्नास माणसं टक लावून बघत होती. शेवटी बोटं चाटून म्हणाल्या, "मीठ घालायला विसरलीस." मग दिराकडे वळून म्हणाल्या, "तूही खा. नाहीतर ऊठ इथून." दिराने खाल्ला.

दुसऱ्या दिवशी सकाळपासून गावातला प्रत्येक जण काही ना काही निमित्त काढून आमच्या दारावरून गेला. म्हातारी जिवंत आहे का बघायला. त्या अंगणात शेकत बसल्या होत्या आणि प्रत्येकाला हाक मारून विचारत होत्या, काय रे, काही हरवलंय का? तिसऱ्या दिवशी शेजारीण दोन वेताच्या परड्या घेऊन आली, मासे कधी देतेस म्हणून.

आता तळी उपसली, तळाचा गाळ काढून कॉफीच्या झाडांना घातला. नवी पिल्लं सोडलीत. खळ इनोकने सांगितली तेवढीच घालते, आणि निम्मी सासूबाईंच्या रताळ्यांची. ती जरा लवकर विरघळते, पण मासे आनंदाने खातात आणि वाढतायत. तेव्हा ताई, वर्षाला एकच पोतं पाठव, तेही लहान. बाकीचा तू खा, वीक, तुझी कंबर सांभाळ.

आणि आता तुझा दुसरा प्रश्न. परवा शेवया वाळत घालताना मी सासूबाईंना विचारलं, त्या दिवशी मासा खाताना भीती नाही वाटली तुम्हाला? त्यांनी पत्र्यावरचा एक तुकडा मोडला. मग म्हणाल्या, "वाटली ना. पण म्हटलं, तू खरंच तशी असशील, तर मी माझ्या गेलेल्या लेकाकडे जाईन. आणि नसशील, तर तू मला राहशील. माझं कुठेच काही जात नव्हतं."

ताई, ती खोली कुणालातरी दे. मी येत नाही.

तुझी, आणि आता त्यांचीही,
ओतिलिया