तिरका काप

सोमवार, ४
ह्यांच्या भाजी चिरायच्या कारखान्यात यंत्र आलं! ह्यांनी बूट काढता काढताच सांगितलं. पट्ट्यावरून गाजरं सरकतात, वरून कॅमेरा बघतो आणि लोखंडी हात शेंडा-बुडखा उडवतो. तोही नखाएवढाच. साहेब म्हणाले, "माणूस बोटभर कापतो, तेवढं वाया जातं." बावीस वर्षं सुरी ह्यांच्या हातात — ते बोटभर आत्ता दिसलं होय!
सासूबाई म्हणाल्या, "डोळा आहे म्हणतोस, पण जीभ कुठाय मेल्याला? कडू काकडी कशी कळायची?" हे हसले. मला नाही हसू आलं.

गुरुवार, ७
हे यंत्राला शिकवतात म्हणे! ह्यांनी कापायचं, कॅमेऱ्याने बघून घ्यायचं. सगळे 'गुरुजी' म्हणून चिडवतात. छाती फुगवून सांगत होते. मला काही हे लक्षण बरं दिसत नाही. आयतं शिकून घेणारा पुढे ओळख ठेवत नाही.
पिशवी दोन किलो. शेंडे-देठ घरी न्यायची कामगारांना मुभा, त्यावरच आमची भाजी चालते. आली की तोलायची, वहीत मांडायची, मग उद्याचा बेत. पुढे काय तोलू?

बुधवार, १३
पाऊण किलो. सगळे नखाएवढे, पट्टीने आखल्यासारखे सरळ. ह्यांच्या हातची सुरीही काढून घेतली. "आता नुसतं उभं राहून बघायचं," म्हणाले.

शुक्रवार, १५
पाव किलो! पातळ सार केलं. सासूबाई वाटीत बघून म्हणाल्या, "ह्यात तोंड दिसतंय गं माझं."

सोमवार, १८
दोन किलो! चांगले जाडजूड तुकडे. "यंत्र बिघडलं आज," हे म्हणाले. देव पावला.

गुरुवार, २१
आज चौथा दिवस, रोज दोन किलो. रोज बिघडणारं यंत्र ठेवतं कोण?
कारखान्याच्या मागच्या फाटकातून कचरा नेणारा कोंबडीवाला शेजारी अंडी द्यायला आला होता. सहज विचारलं. "कसला कचरा, वहिनी! आठवडा झाला, टोपली रिकामी. कोंबड्या माझ्याकडे रागाने बघतात."
मग आमची पिशवी कुठून भरते?
हे चोरून आणतात. दुसरं काय! पकडले गेले तर ह्या वयात दुसरं काम कोण देणार? आणि देवापुढे पहिली वाटी ठेवते ती ह्याच भाजीची. आज नुसती साखर ठेवली. देवाकडे मान वर करून बघवेना.

शुक्रवार, २२
पिशवी ताटात उलटी केली. सगळे काप तिरके! हे डावखुरे, ह्यांचा काप असाच पडतो. डोळे मिटून ओळखीन. पण सुरी तर काढून घेतली होती ना?
म्हटलं, "काप तुमच्या हातचे दिसतात."
"हं," म्हणाले आणि देवाकडे पाठ करून बसले. चोराच्या मनात चांदणं!

शनिवार, २३
हे आंघोळीला गेल्यावर तुकडे पुन्हा काढले. एक शेंडा, एक बुडखा, एक मधला. सहज जोडून पाहिले — बसले! अख्खं गाजर झालं. दुसरं जोडलं. तेही अख्खं. काकडीसुद्धा. एक तुकडा कमी नाही!
चोरणारा माणूस अख्खं गाजर कशाला चिरत बसेल? हे बाजारातून घेतात. मग कुठे तरी बसून माझ्यासाठी शेंडे-बुडखे पाडतात, म्हणजे पिशवी नेहमीसारखी दिसावी. आणि मधलं फेकवत नाही! नवरा कोणाचा शेवटी.
कामावरच्या माणसाला चिरत बसायला वेळ कुठला? कारखान्यात हे जातच नाहीत. सोमवारपासूनच नसणार. गुरूची विद्या गुरूलाच फळली.
आणि मी ह्यांना चोर म्हटलं. देवापुढे कान धरले. वाटी ठेवली.

सोमवार, २५
डबा भरून हातात दिला. दारात म्हटलं, "आजपासून भाजी अख्खीच आणा. चिरायचं मी बघते."
एक पाय बुटात, तसेच उभे राहिले. मग बूट काढला आणि डबा ओट्यावर आणून ठेवला.