सात नंबरची पट्टी

५ जुलै २००६, बुधवार

आईंनी रक्त दिलं! सुनेसाठी नव्हे हो – धैर्यशीलसाठी. परदेशातल्या आमच्या लॅबमधला हा पुण्याचा पोरगा "आजी, जेवून या हं" म्हणाला आणि सासूबाई विरघळल्या. त्याला वयस्कांचं रक्त दोनदा हवंय – एकदा भरल्या पोटी, एकदा उपाशी. पेशींमध्ये सर्टुइन नावाचं प्रथिन असतं. खाणं कमी पडलं की ते वाढतं, असं उंदरांत दिसलंय. माणसांत दिसतं का, ते मी मोजायचं.

"माझ्यात जास्त असेल तर काढून घे बाई," आई म्हणाल्या. "आणखी जगून काय करू?"

काहीतरीच!

८ जुलै, शनिवार

दुसरं रक्त. नर्सने इथल्या धाटणीच्या इंग्रजीत विचारलं, "आंटी, फास्टिंग आह?" आईंनी पदर सारखा केला. "येस, फास्टिंग! एव्हरी सॅटर्डे!" काय ती ऐट!

संध्याकाळी त्यांचे दोन ब्लाउज आत घेतले. इथल्या मशीनमध्ये धुऊन सैल पडतात म्हणे. सुईत दोरा त्यांनीच ओवून दिला. चष्म्याशिवाय! मला जमत नाही.

१३ जुलै, गुरुवार

फिल्म आली. प्रत्येक नमुन्याची तिच्यावर एक पट्टी उमटते; प्रथिन जितकं जास्त, तितकी पट्टी काळी. सगळ्यांची उपाशीपोटीची पट्टी जास्त काळी, जेवल्यानंतरची फिकी. फक्त सात नंबरचं उलटं – बुधवारची काळीकुट्ट, शनिवारची फिकट.

सात नंबर म्हणजे आई.

धैर्यशीलने फिल्म उजेडात धरून पाहिली. मग हळूच – "मेधाताई, नळ्यांची अदलाबदल तर नसेल ना झाली?"

नळ्यांवर चिठ्ठ्या मीच चिकटवते.

१४ जुलै, शुक्रवार

पुन्हा मोजलं. तेच. माझा हात चुकला असेल तर सगळेच आकडे संशयाचे. आणि धैर्यशीलचं कॉन्ट्रॅक्ट याच आकड्यांवर पुढे जायचंय. सोमवारी बॉसना सांगायला हवं.

१५ जुलै, शनिवार

आठवड्यातून आज एकच दिवस आम्ही चौघं एका टेबलाशी. साबुदाण्याची खिचडी, रताळ्याचा कीस, दही. आईंनी दुसऱ्यांदा वाढून घेतली. आणि माझा घास हातातच राहिला.

"आई, गेल्या शनिवारी... रक्त द्यायच्या आधी खिचडी खाल्ली होतीत?"

"खाल्ली की. उपास होता ना!"

लेक श्रिया इथल्या शाळेतल्या इंग्रजीत किंचाळली, "आजी! दॅट्स नॉट फास्टिंग, लाह! दॅट्स पार्टी!" माझ्या नवऱ्याला, सुबोधला, ठसका लागला. मी रोज हे मोजणारी बाई, आणि माझ्याही डोक्यात आलं नव्हतं!

धैर्यशीलला फोन केला. तो हसत सुटला. "ताई, चूक माझीच. 'उपाशी या' म्हणायच्या ऐवजी मी 'उपास करून या' म्हणालो!"

नळ्या बरोबर होत्या. केवढं हायसं वाटलं!

पण मग बुधवार? शनिवारी खिचडी होती म्हणून पट्टी फिकी, हे समजलं. बुधवारी तर आई जेवून आल्या होत्या. डबा मीच भरून गेले होते – संध्याकाळी रिकामा, घासून पालथा घातलेला. रोजच असतो. रात्री आम्ही मागेपुढे घरी पोचतो, तेव्हाही "मी मघाशीच जेवले" म्हणतात.

१८ जुलै, मंगळवार

लिफ्टमध्ये शेजारच्यांची मेड भेटली, सिती. "थँक यू मॅडम, चपाती सो नाइस. आंटी एव्हरी डे गिव्ह मी!"

रोज.

घरात आले ती चपला न काढताच आईंच्या पुढ्यात बसले. "डबा रोज सितीला देता?" त्या उगीच हसल्या. "अगं, अन्न टाकवत नाही. आणि एकटीच्या घशाखाली घास उतरत नाही. चहा-बिस्किट होतं की दोन वेळा. त्यात काय एवढं!"

ते ब्लाउज. आणि मी बिचाऱ्या मशीनला नावं ठेवत होते.

१९ जुलै, बुधवार

अर्धा दिवस रजा टाकून दुपारीच बिशानच्या आमच्या घरी. आई आणि मी एका टेबलाशी. दोन पोळ्या खाल्ल्या त्यांनी, आणि नको नको म्हणत तिसरीतली अर्धी.

पट्टी खरं तेच सांगत होती. शनिवारी आईंचा उपास नसायचाच. शनिवारी तो सुटायचा.