नीळ

॥ श्री ॥
पाली, ज्येष्ठ वद्य ८, शके १८३५

चि. शहादेव यास नानाचे अनेक उत्तम आशीर्वाद. वि. वि. इकडे सर्व क्षेम आहे. तुझी काकू कपिलधारला जाऊन आली. तुझ्या नावाचा अंगारा आणला आहे, पण टपालात सांडेल म्हणून ठेवून घेतला.

तुझ्या दोन्ही चुलतभावांचे, गहिनीनाथ आणि सटवा यांचे, बिनसले आहे. पेरणीला तिफण आधी कुणाच्या जोडीने ओढायची एवढ्यावरून बोलणे झाले आणि आता दोघांनाही घराच्या मधोमध भिंत हवी आहे. शेत सामाईक राहील म्हणतात. मी दोघांना वेगवेगळे समजावले. दोघांनी मान डोलावली आणि दोघेही माती कालवायला गेले.

पारावर गोष्ट गेली तेव्हा पंचांनी पहिला सवाल पोळ्याचा काढला. आपली रीत तुला ठाऊक आहे. एका घराच्या बैलांच्या शिंगांना एकच रंग, आणि शेजारच्या घराला तो चालत नाही, नाहीतर वेशीवरून परतताना जोड्यांची सरमिसळ होते. रंग तीनच: तांबडा हिंगूळ, पिवळी पिवडी आणि नीळ. भिंत पडली तर आपल्या एका घराची दोन होतील. तीन रंगांत भागेल काय? चैत्रात तू लिहिले होतेस की तुमच्या प्राध्यापकांनी अमेरिकेतला एक लेख दाखवला, नकाशा किती रीतींनी रंगवता येतो ते मोजणारा. आता ती तालीम घरच्या कामी आण. पंच तुझ्या उत्तरासाठी थांबले आहेत, आणि तोवर भिंतही थांबली आहे.

प्रकृतीस जपावे. हैदराबादेत आंबट फार खातात, तू बेताने खा.
तुझा आश्रुबा नाना

॥ श्री ॥
हैदराबाद, ज्येष्ठ वद्य १४, शके १८३५

तीर्थस्वरूप नानांच्या चरणी शहादेवचा शिरसाष्टांग नमस्कार. वि. वि. पत्र वाचून आधी वाईट वाटले. मग कागद घेऊन बसलो, आणि गणित करताना वाईट वाटायचे राहून गेले, याची क्षमा असावी.

युक्ती सोपी आहे. रंग तीनच धरायचे नाहीत, 'क' इतके धरायचे. म्हणजे एकदा मांडलेली राशी कितीही रंगांना कामी येते. 'क'च्या जागी आकडा घातला की रंगवण्याच्या रीती किती ते निघते. शून्य आले तर जमत नाही असे समजावे.

आपले घर मध्ये, एका अंगाला ताराबाईंचे, दुसऱ्या अंगाला कौशल्याबाईंचे. भिंत पडून गहिनीनाथदादाचे पुढचे आणि सटव्याचे मागचे अशी दोन घरे झाली, तरी दोन्ही त्या दोघींना लागून राहतील. दादाला क रंग. सटव्याला त्याचा सोडून क वजा एक. ताराबाईंना या दोघांचे सोडून क वजा दोन, आणि कौशल्याबाईंनाही तेवढेच. तिनाच्या हिशेबाने तीन, दोन, एक, एक. गुणाकार सहा. सहा रीतींनी जमते, तेव्हा रंगांची अडचण नाही. भिंतीला मात्र माझे मन होत नाही.

काकूंना व भावांना नमस्कार. मुलांना पापा.
आपला आज्ञाधारक
शहादेव

॥ श्री ॥
पाली, आषाढ शुद्ध ५, शके १८३५

चि. शहादेव यास आशीर्वाद. तुझे उत्तर मी पारावर वाचले नाही, कारण ते चूक आहे. नळाचे पाणी पिऊन तू हौद विसरलास. आपल्याकडे भिंतीला भिंत लागली तर शेजार, आणि एका हौदावर बैल पाणी पीत असतील तरी शेजार. ताराबाई आणि कौशल्याबाईंचा हौद एक आहे. त्याच हौदात तू पोहायला शिकलास आणि ताराबाईंच्या शिव्या खाल्ल्यास.

आता पुन्हा मांड. खरे सांगतो, उत्तर शून्य यावे असे मला वाटते. शून्य आले म्हणजे पारावर सांगता येईल की कॉलेजातूनच हुकूम आला, भिंत होणे नाही. मी बोललो तर घरच्या म्हाताऱ्याचे बोलणे होते. तू लिहिलेस तर शास्त्र होते.

काकू विचारते, तुझ्या खोलीत ढेकूण आहेत का.
तुझा नाना

॥ श्री ॥
हैदराबाद, आषाढ शुद्ध ११, शके १८३५

ती. स्व. नानांस शि. सा. नमस्कार. ढेकूण आहेत. हौद विसरलो, कान धरतो. लेखातल्या नकाशात सरहद्दी असतात, हौद नसतात, आणि मी आपला गाव लेखातून पाहिला.

हौद धरला की चारही घरे एकमेकांची शेजारी होतात. क, क वजा एक, क वजा दोन, क वजा तीन. तिनाला शेवटचा आकडा शून्य, म्हणून सगळा गुणाकार शून्य. आपल्या मनासारखे झाले.

पण नाना, चाराला तीच राशी चोवीस देते. गणिताने भिंतीला मनाई केलेली नाही. भिंत हवी तर चौथा रंग आणा, एवढेच ते म्हणते. हे दडवून पारावर सांगू नये ही विनंती. उद्या सटव्याला कळले तर भिंत उभी राहीलच, वर आपला शब्द पडेल. माझे अक्षर असेल तर तेही पडेल.

रागावू नये. माया पूर्वीसारखी राहू द्यावी.
शहादेव

॥ श्री ॥
पाली, आषाढ वद्य ६, शके १८३५

चि. शहादेव यास आशीर्वाद. पहिल्या दिवशी रागावलो होतो. दुसऱ्या दिवशी पारावर तुझे पत्र सगळेच्या सगळे वाचले, चोवीस धरून.

सटवा तडक बीडच्या बाजारात गेला आणि हिरव्या रंगाची पुडी घेऊन आला. ताराबाई म्हणाल्या, भिंत तुमची, रंग तुम्हीच लावा. कौशल्याबाईंनी दारही उघडले नाही. राहिले दोघे भाऊ. गहिनीनाथचे म्हणणे, नवे घर धाकट्याचे तेव्हा नवा रंगही त्याचाच. सटव्याचे म्हणणे, भिंतीचे नाव आधी दादाने काढले. पुडी ओट्यावर तशीच पडून राहिली. तुझी काकू चुलीपुढून उठून आली आणि एवढेच बोलली, "तुमाला एक रंग वाटून घेता येईना, मंग घर कावून वाटताय?" आणि परत भाकरीला गेली.

भांडण तिथेच थांबले, पण हट्ट कुणी सोडला नाही. एका छताखाली राहवत नाही हे दोघांच्या तोंडावर दिसते. ते खोटे नाही, शहादेव. मला शून्य हवे होते, पण दाबून एकत्र ठेवलेले घरही मला नको. तिसरी काही वाट असेल तर लिही. पोळा जवळ आला.
नाना

॥ श्री ॥
हैदराबाद, आषाढ वद्य १२, शके १८३५

ती. स्व. नानांस शि. सा. नमस्कार. तिसरी वाट आहे. भिंत घालू नका, मधला खण उतरवा.

मधल्या खणावरचे मातीचे धाबे काढून जागा मोकळी सोडली तर पुढे दादाचे घर, मागे सटव्याचे, आणि भिंतीला भिंत लागत नाही. हौदाचाही प्रश्न नाही, दोघांचे बैल बिंदुसरा नदीवर जातात, आणि नदी म्हणजे हौद नव्हे. रीतीप्रमाणे ते एकमेकांचे शेजारी राहत नाहीत, फक्त भाऊ राहतात. मग रंग वेगळा असलाच पाहिजे असे नाही, आणि सारखाच हवा असेही नाही.

आता एक गंमत सांगतो, ती या राशीच्या मुळाशी आहे. मोकळ्या जागेच्या सगळ्या रीतींचे दोन ढीग करा. एका ढिगात दोन्ही भावांचे रंग वेगळे. तो हिशेब भिंत असल्यासारखाच. दुसऱ्यात दोघांचा रंग एक. तो हिशेब घर एकच असल्यासारखा. म्हणून मोकळ्या जागेची मोजणी म्हणजे भिंतीची मोजणी अधिक एका घराची मोजणी. चार रंगांना ती अठ्ठेचाळीस भरते, चोवीस आणि चोवीस.

तीन रंगांना भिंतीचा ढीग शून्य आहे हे आपण पाहिले. तर तिथे काय होईल ते नाना, आपणच पाहा. दोघांना सांगायचे की नाही तेही आपणच ठरवा. हिरवी पुडी मात्र पोळ्याच्या आधी काकूंच्या ताब्यात द्यावी.

अंगारा मी आलो की लावीन.
शहादेव

॥ श्री ॥
पाली, भाद्रपद शुद्ध २, शके १८३५

चि. शहादेव यास अनेक आशीर्वाद. पावसाने उघडीप दिली तशी मधल्या खणाचे धाबे उतरवले. माती दोघांनी मिळून वाहिली. घमेले एकाच्या हातातून दुसऱ्याच्या हातात जात होते. पंचांनी येऊन पाहिले आणि शेजार होत नाही असे ठरवले. हिरवी पुडी काकूने नातवंडांना दिली. यंदा घरातले मातीचे सगळे बैल पोपटासारखे आहेत.

तीन रंगांचे दोन्ही ढीग मी बोटांवर मोजून पाहिले आणि गप्प बसलो.

पोळ्याला रीतीप्रमाणे हौदावरच्या घरांनी आधी रंग निवडले. ताराबाईंनी हिंगूळ घेतला, कौशल्याबाईंनी पिवडी. गहिनीनाथने पुढच्या दारी आपल्यापुरते पाहिले, सटव्याने मागच्या दारी आपल्यापुरते. दोघांच्याही मनाने असे धरले होते की वेगळे झालो म्हणजे वेगळेच दिसणार. दुसऱ्याला काय उरते हे एकानेही मोजले नाही.

काकू आरतीचे ताट घेऊन मधल्या मोकळ्या जागेत उभी राहिली. तिला दोन्ही दारी जायचे नव्हते. वेशीवरच्या गर्दीत दोघांची गाठ पडली नव्हती. परतल्यावर पुढून गहिनीनाथची जोडी आत आली, मागून सटव्याची. चारही बैलांची शिंगे निळी. सटवा भावाच्या बैलांकडे पाहतच राहिला. मग हळूच म्हणाला, "दादा, तू बी नीळच घेतलीस?" मला वाटते, गहिनीनाथलाही तेच विचारायचे होते.

जागा एका जोडीपुरती आहे. दोन्ही जोड्या तोंडाला तोंड लावून उभ्या. ताट कुणाला आधी, हाच प्रश्न पेरणीला होता. सगळी आळी दारातून पाहत होती.

गहिनीनाथने कासरा ओढून आपली जोडी मागे घेतली.

दोघांना वाटते, दुसऱ्याने मन मोठे करून आपला रंग घेतला. तुझे गणित मी कुणाला सांगितलेले नाही. नीळ घेणे दोघांना भागच होते, एवढे मला कळते. मागे सरणे भाग नव्हते, एवढेही कळते. दिवाळीला ये. दोन्ही घरांतून तुला जेवायचे बोलावणे आहे, आणि दोन्हीकडे पोटभर जेवावे लागेल.
तुझा आश्रुबा नाना